पृष्ठभागावरचे एक प्रथिन परत दिले, तर गोल झालेली पेशी पुन्हा का पसरते?

काचपट्टी (प्रश्न)

मी जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मी उंदराच्या एनआयएच ३टी३ या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या, तंतू बनवणाऱ्या) पेशी वाढवते. त्या आमच्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून आलेल्या आहेत. गेल्या आठवड्यात पेशी सोडवण्यासाठी फ्लास्कमध्ये ट्रिप्सिन हे प्रथिने कापणारे विकर (एन्झाइम) घातले आणि नेमका तेव्हाच घरून फोन आला. जिथे तीन-चार मिनिटे पुरतात तिथे जवळजवळ वीस मिनिटे गेली. चूक माझीच होती. तरी मी सोयाबीनचा ट्रिप्सिनरोधक घालून पेशी धुतल्या आणि दोन प्रकारे काचेच्या कव्हरस्लिपवर टाकल्या. एका ताटलीतल्या माध्यमात दहा टक्के सीरम (साखळलेल्या रक्तावरचा प्रथिनयुक्त द्रव) होते, दुसरीत सीरम अजिबात नव्हते.

दोन तासांनी पाहिले तेव्हा सीरमच्या ताटलीतल्या बहुतेक पेशी बसून पसरू लागल्या होत्या. बिनसीरमच्या ताटलीत मात्र त्या साबुदाण्यासारख्या गोल आणि कडेने चमकदार दिसत होत्या, आणि ताटलीला बोटाने टिचकी मारली की जागेवरून घरंगळत होत्या. दुसऱ्या दिवशी माध्यम बदलताना त्यांतल्या बऱ्याचशा माध्यमाबरोबरच निघून गेल्या.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी यावर मला १९७६ सालचा एक शोधनिबंध वाचायला दिला. केनेथ यामादा, सुसान यामादा आणि आयरा पास्तान यांनी कोंबडीच्या भ्रूणातील निरोगी फायब्रोब्लास्टच्या पृष्ठभागावरून एक मोठे प्रथिन काढले आणि ते कर्करोगसदृश रूपांतर झालेल्या पेशींच्या माध्यमात घातले. त्या पेशी लांबट झाल्या, एकमेकींना समांतर लागल्या, तळाला अधिक घट्ट चिकटल्या, आणि एकमेकींवर चढून जाण्याची त्यांची खोडही कमी झाली. मात्र त्यांच्या वाढीवरचे नियंत्रण परत आले नाही. निबंधाच्या शीर्षकातच ‘अंशतः’ असा शब्द आहे.

मला दोन गोष्टी उलगडत नाहीत. प्रथिन पेशीच्या बाहेर आहे, आणि आकार देणारा पेशीकंकाल आत आहे. मग बाहेरून घातलेल्या प्रथिनाने आतली रचना कशी बदलते? दुसरे म्हणजे, आकार आणि चिकटणे दोन्ही पूर्ववत होत असतील, तर वाढ का आटोक्यात येत नाही? मी वाचलेल्या पाठ्यपुस्तकांत ‘चिकटलेल्या पेशीच वाढतात’ असे ठामपणे लिहिलेले आहे. माझ्या ताटलीतल्या प्रकाराचा या जुन्या प्रयोगाशी संबंध आहे का, हेही कोणी सांगावे.

निवृत्त_संवर्धक

संबंध थेट आहे. ट्रिप्सिनने तुम्ही नकळत तेच प्रथिन कापून टाकलेत आणि बिनसीरमच्या ताटलीत ते परत मिळण्याची सोय ठेवली नाहीत.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय या प्रथिनाचे वागणे नीट कळणार नाही. १९७३ साली रिचर्ड हाइन्स यांनी लंडनमध्ये हॅमस्टरच्या साध्या आणि विषाणूने रूपांतरित केलेल्या पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना किरणोत्सारी आयोडीन जोडले आणि जेलवर वेगळी करून पाहिली. साध्या पेशींत अडीच लाख डाल्टनच्या आसपास एक ठसठशीत पट्टा येत होता, रूपांतरित पेशींत तो जवळजवळ नाहीसा झाला होता. त्याच सुमारास हेलसिंकीत वाहेरी आणि रुओस्लाहती प्रतिद्रव्यांच्या वाटेने त्याच प्रथिनापाशी पोचले. प्रत्येक प्रयोगशाळेने त्याला आपापले नाव दिले, आणि काही वर्षे एकाच पाहुण्याला चार घरांत चार नावांनी हाक मारावी तसा गोंधळ चालला. शेवटी ‘फायब्रोनेक्टिन’ हे नाव रूढ झाले. लॅटिनमध्ये ‘फायब्रा’ म्हणजे तंतू आणि ‘नेक्तेरे’ म्हणजे बांधणे. गंमत अशी की रक्तद्रवात थंडीने साखळणारे एक प्रथिन १९४८ पासूनच माहीत होते आणि तेही याच कुळातले निघाले. यकृताच्या पेशी ते तयार करतात. रक्तद्रवाच्या दर मिलिलिटरमध्ये ते सुमारे ३०० मायक्रोग्रॅम असते.

आता तुमचा पहिला प्रश्न. फायब्रोनेक्टिन पेशीला आकार देत नाही. लग्नाचा मंडप डोळ्यांसमोर आणा. कापडाचा आकार खुंटीत नसतो, तो दोऱ्यांच्या ताणात असतो. पण खुंट्या उपटल्या की ताण धरायला काही उरत नाही आणि सगळे कापड गोळा होऊन खाली येते. पेशीच्या आत ॲक्टिनचे तंतू आहेत आणि त्यांना आवळणारे मायोसिन आहे. ते आवळणे सतत चालूच असते. बाहेर धरायला जागा असेल तर आवळण्याचे रूपांतर ताणात होते आणि पेशी पसरते. धरायला जागा नसेल तर त्याच आवळण्याने ती गोल होते. म्हणजे गोल पेशी ढिली पडलेली असते असे समजू नका.

आत आणि बाहेर यांची गाठ घालून देणारा दुवा १९७६ साली हाती नव्हता, म्हणून तुम्हाला त्या निबंधात त्याचे उत्तर सापडत नाही. १९८४ मध्ये पियर्शबाकर आणि रुओस्लाहती यांनी दाखवले की एवढ्या अगडबंब प्रथिनातला पेशी ज्याला धरतात तो भाग केवळ तीन अमिनो आम्लांचा आहे: आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल. १९८६ मध्ये ती जागा ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनाला ‘इंटिग्रिन’ हे नाव मिळाले. या प्रथिनाचे आल्फा आणि बीटा असे दोन भाग असतात आणि दोन्ही भाग पेशीपटल भेदून आरपार जातात. माणसात १८ आल्फा आणि ८ बीटा भागांच्या जोड्यांतून २४ इंटिग्रिने बनतात. फायब्रोनेक्टिनला धरणारे मुख्य इंटिग्रिन म्हणजे आल्फा-५ बीटा-१. त्याचे डोके बाहेर फायब्रोनेक्टिनला धरते, आखूड शेपूट आत टॅलिन नावाच्या प्रथिनाला, आणि टॅलिन ॲक्टिनला. तुमचा ‘बाहेर’ आणि ‘आत’ हा भेद या एका रेणूने मिटवला आहे.

ही जोडणी एकेरी नाही, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. द्रावणात तरंगणारे फायब्रोनेक्टिन घडी घातलेल्या धोतरासारखे आखडलेले असते. इंटिग्रिनने ते धरल्यावर पेशी आतून ओढते, त्या ओढीने घडी उलगडते, आणि आत दडलेल्या जागा उघड्या पडल्यावर एक रेणू दुसऱ्याला जोडला जाऊन तंतू बनतो. थोडक्यात, ज्या प्रथिनामुळे पेशीला ओढता येते, त्याचे तंतू पेशीच्या ओढण्यामुळे तयार होतात. म्हणूनच रूपांतरित पेशींना शुद्ध प्रथिन देताच त्यांच्या अंगावर ते जाळ्यासारखे मांडलेले दिसू लागले. हाइन्स यांच्या गटाने १९७७ मध्ये पुढची पायरी गाठली: बाहेरून हे प्रथिन दिल्यावर रूपांतरित पेशींच्या आत ॲक्टिनचे जाड जुडगे पुन्हा उभे राहतात, हे त्यांनी दाखवले.

दुसऱ्या प्रश्नात खरा पेच आहे आणि त्यावर मला अधिक लिहायचे आहे. ‘चिकटलेल्या पेशीच वाढतात’ हे वाक्य निरोगी पेशींपुरते खरे आहे. फोकमन आणि मॉस्कोना यांनी १९७८ मध्ये ताटलीच्या तळावर कमीजास्त जाडीचा असा थर दिला की पेशी कमीजास्त पसरतील, आणि जितकी पेशी चपटी तितके डीएनएचे संश्लेषण जास्त असे त्यांना आढळले. १९९७ मध्ये चेन आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न अधिक कोंडीत पकडला. फायब्रोनेक्टिनचे एकच मोठे बेट देण्याऐवजी त्यांनी काही मायक्रोमीटरचे लहान ठिपके दूर दूर पेरले, म्हणजे पेशीला पसरावे तर लागेल, पण प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्र लहान बेटाइतकेच राहील. केशवाहिन्यांच्या अस्तरपेशी अशा ठिपक्यांवर ताणून पसरल्या आणि वाढल्या. लहान बेटावर आखडून बसलेल्या पेशी मेल्या. किती चिकटली यापेक्षा किती पसरली याला महत्त्व आहे, असा याचा अर्थ.

मग रूपांतरित पेशी आकार परत मिळूनही का थांबल्या नाहीत? कारण त्यांना थांबवणारी तपासणीच वळसा घालून टाळली गेलेली असते. निरोगी पेशीत ‘मी धरून आहे’ हा निरोप इंटिग्रिनकडून फोकल ॲडहेजन कायनेज आणि सार्क या विकरांमार्गे केंद्रकाकडे जातो. कोंबड्यांत कर्करोग करणारा रूस सार्कोमा विषाणू स्वतःचे सार्क घेऊन येतो आणि ते कायम चालूच असते. बाहेर खुंटी असो वा नसो, आत निरोप पोचतच राहतो. त्यात भर म्हणजे हेच सार्क चिकटण्याच्या जागा विस्कळीत करते, त्यामुळे पेशी गोलही होते. म्हणजे आकार बिघडणे आणि वाढ सुटणे हे एकाच कारणाचे दोन परिणाम आहेत. त्यांतला एक दुसऱ्याचे कारण आहेच असे नाही. फायब्रोनेक्टिन घालून तुम्ही पहिला परिणाम झाकता, कारण तसेच चालू राहते. याचा ताळा असा: स्टीव्हन मार्टिन यांनी १९७० मध्ये या विषाणूचा तापमानाला संवेदनशील असलेला उत्परिवर्तित प्रकार वेगळा केला. अशा विषाणूंची लागण झालेल्या पेशी जास्त तापमानाला नेल्या की विषाणूचे सार्क निकामी होते, आणि आकार व वाढ दोन्ही ताळ्यावर येतात. फायब्रोनेक्टिनला जे अर्धेच साधले ते तिथे पूर्ण साधते, कारण तिथे हात मुळाला घातलेला असतो.

त्या निबंधातला ‘अंशतः’ हा शब्द मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी अधोरेखित करायला सांगत असे. लेखकांनी तो घातला नसता तर निबंध अधिक गाजला असता आणि चुकीचा ठरला असता.

ताण_आणि_बाक

मी व्यवसायाने संरचना अभियंता आहे. जीवशास्त्र दहावीनंतर सुटले. मंडपाची उपमा मला पटली, पण एक शंका आहे. मंडपाच्या खुंटीला ताण आला की ती सैल होते, घट्ट होत नाही. जितकी ओढ जास्त तितकी खुंटी उपटण्याची भीती जास्त. पेशी जर सतत ओढत असेल, तर तिने स्वतःच्याच खुंट्या उपटून टाकायला हव्यात. तसे होत नसेल तर उपमा कुठेतरी लंगडी आहे.

निवृत्त_संवर्धक

उपमा लंगडी आहे हे मान्य, आणि नेमक्या याच जागी लंगडी आहे.

पेशीची खुंटी ओढल्यावर काही मर्यादेपर्यंत घट्ट होते. त्यामागे दोन यंत्रणा आहेत. आल्फा-५ बीटा-१ आणि फायब्रोनेक्टिन यांच्यातला बंध ओढ पडली की आधी जास्त काळ टिकतो आणि फार ओढ पडल्यावरच सुटतो. साधा बंध ओढ वाढेल तसा लवकर सुटतो, हा उलटा वागतो. लहान मुले दोन हातांची बोटे आकड्यासारखी एकमेकांत अडकवून ओढतात, तसे समजा: ओढाल तोवर अडकलेली, सैल सोडाल तर निसटणारी. दुसरी यंत्रणा टॅलिनची. टॅलिनच्या दांड्यात लहान लहान गुंडाळ्या असतात. ओढ पडली की त्या उलगडतात आणि आतल्या जागा उघड्या होतात, तिथे व्हिन्क्युलिन नावाचे प्रथिन येऊन बसते आणि आणखी ॲक्टिन जोडून घेते. म्हणजे दोरीला ताण बसताच दुसरी दोरी आपोआप शेजारी बांधली जाते.

त्यामुळे काचेसारख्या कडक तळावर पेशीला ठळक, जाड पकड मिळते. मऊ जेलवर तेच प्रथिन तितकेच लावले तरी तळच ओढीबरोबर सरकतो, ताण साचत नाही आणि पेशी कमी पसरते. पायाखाली खडक आहे की चिखल आहे, हे पेशी ओढून पाहूनच ठरवते. तुमच्या व्यवसायात मातीची परीक्षा आधी करतात. इथे बांधकाम आणि परीक्षा एकाच वेळी चालते.

तपकिरी_रेषा

मी विकृतीशास्त्रज्ञ आहे आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली माणसांच्या गाठी पाहते. वरची चर्चा मला आवडली, पण ताटलीतले निष्कर्ष जसेच्या तसे शरीरात नेऊ नयेत म्हणून थोडे लिहिते.

‘कर्करोग म्हणजे फायब्रोनेक्टिन नाहीसे होणे’ असे समीकरण सत्तरच्या दशकातील प्रयोगांवरून अनेकांच्या मनात बसले. प्रत्यक्ष गाठीत चित्र पुष्कळदा उलट असते. अर्बुदाभोवतीच्या आधारऊतीत फायब्रोनेक्टिन भरपूर साचलेले असते, आणि त्यात प्रौढ निरोगी ऊतीत क्वचितच दिसणारा, भ्रूणावस्थेतला एक जादा तुकडा जोडलेला प्रकारही असतो. कर्कपेशी स्वतःच्या अंगावर ते कमी बाळगत असेल, पण शेजारच्या फायब्रोब्लास्टनी अंथरलेल्या तंतूंवरून ती चालत पुढे जाऊ शकते. एकाच प्रथिनाने पेशीला धरून ठेवणे आणि तिलाच पुढे जायला वाट करून देणे, यात मला तरी काही विसंगती वाटत नाही. जिना चढायलाही कठडा लागतो आणि उतरायलाही.

पृष्ठभागावरचे प्रथिन गेल्याने आकार आणि चिकटणे बिघडते याचे माझ्या टेबलावरचे सर्वांत स्वच्छ उदाहरण फायब्रोनेक्टिनचे नाही, ते ई-कॅडहेरिनचे आहे. हे प्रथिन पेशीला तळाला नव्हे तर शेजारच्या पेशीला बांधते आणि त्यासाठी त्याला कॅल्शियम लागते. स्तनाच्या निरोगी दुग्धनलिकेच्या छेदाला ई-कॅडहेरिनचे रंजन केले की प्रत्येक पेशीच्या कडेने तपकिरी रेषा उमटते आणि सगळे मिळून मधाच्या पोळ्यासारखे दिसते. स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ती रेषा बहुतेक वेळा पुसलेली असते. तिथल्या पेशी नलिकेचा घाट धरतच नाहीत. सुट्या, गोलसर होऊन तंतुमय ऊतीतून एकामागे एक, मुंग्यांच्या ओळीसारख्या शिरतात. अशी गाठ हाताला नीट लागत नाही आणि मॅमोग्राफीतही चकवते, कारण तिला धड कडाच नसतात. पेशींच्या आकारातला एवढासा फरक रुग्णाच्या निदानाला किती उशीर लावू शकतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ई-कॅडहेरिनच्या जनुकातला दोष वारशानेही येतो. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या जठराचा कर्करोग होत असे, त्याचे मूळ या जनुकात असल्याचे १९९८ मध्ये स्पष्ट झाले. तिथेही गाठ न बनता सुट्या पेशी जठराच्या भिंतीत पसरतात.

जाता जाता फायब्रोनेक्टिनचा एक व्यावहारिक उपयोग सांगते. गर्भपटल आणि गर्भाशयाचे अस्तर यांच्या सांध्यात गर्भाचे फायब्रोनेक्टिन डिंकासारखे असते. २२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान अकाली कळांची शंका आली की योनिमार्गातील स्रावात ते तपासतात. ते सापडले नाही तर पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत प्रसूती होण्याची शक्यता फार कमी, असा दिलासा देता येतो. सापडले तर मात्र त्यावरून खात्रीने काही सांगता येत नाही.

सीरमवाला

निवृत्त_संवर्धक यांच्या पहिल्या उत्तरातील एका गोष्टीला माझी हरकत आहे, आणि एक शब्दाची तक्रारही आहे.

आधी तक्रार. फायब्रोनेक्टिनला ‘पृष्ठभागावरचे प्रथिन’ म्हणणे ऐतिहासिक आहे, नेमके नाही. ते पेशीपटलात रुतलेले नसते. पेशी ते बाहेर सोडते आणि मग इंटिग्रिनच्या साह्याने अंगाभोवती विणते. दोन जवळजवळ एकसारखे धागे शेपटाशी गंधकाच्या दोन बंधांनी जोडलेले, अशी त्याची रचना आहे. म्हणूनच युरियाच्या द्रावणाने पेशी न फोडता ते सोडवून घेता आले आणि दुसऱ्या पेशींना देता आले. पटलात रुतलेले प्रथिन असते तर १९७६ चा प्रयोग इतक्या सहज झालाच नसता. इंटिग्रिन आणि कॅडहेरिन हे खरे पृष्ठभागावरचे. मराठीत आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो. मी वर्गात एकाला ‘पटलातले’ आणि दुसऱ्याला ‘अंगावरचे’ म्हणतो.

आता हरकत. तुमच्या सीरमच्या ताटलीत पेशी फायब्रोनेक्टिनमुळे बसल्या असे गृहीत धरू नका. दहा टक्के सीरममध्ये अल्ब्युमिन आणि इतर प्रथिनांची इतकी गर्दी असते की तळावर बसायला फायब्रोनेक्टिनला जागा मिळणे अवघड जाते. व्हिट्रोनेक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला ती गर्दी तितकीशी अडवत नाही, आणि त्याच्यातही तीच तीन अमिनो आम्लांची जागा असते. संवर्धनाच्या नेहमीच्या प्लास्टिकवर सीरम असताना पेशींना सुरुवातीला बसवण्याचे बरेचसे काम तेच करते. तुमची ताटली ‘सीरम लागते’ एवढेच सिद्ध करते, ‘फायब्रोनेक्टिन लागते’ हे नाही.

ते पाहायचे असेल तर प्रयोग असा बांधा. शुद्ध फायब्रोनेक्टिन बाटलीत पावडर असेल तर निर्जंतुक पाणी घालून ३७ अंशांना अर्धा तास तसेच ठेवा. हलवू नका, व्होर्टेक्स (यंत्रावर जोराने घुसळणे) तर मुळीच करू नका. तंतू बनण्याची त्याची सवय तुम्ही आत्ताच वाचली आहे, घुसळले की ते बाटलीतच गुठळ्या धरते. मग दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या द्रावणाने कव्हरस्लिप तासभर भिजवा आणि वाळू देऊ नका. उरलेली मोकळी काच उष्णतेने विकृत केलेल्या अल्ब्युमिनने झाका. दुसऱ्या कव्हरस्लिपला पॉली-लायसिन लावा. त्यावर पेशी विद्युतभाराने चिकटतात, इंटिग्रिनने नव्हे, त्यामुळे ‘चिकटणे’ आणि ‘पसरणे’ वेगळे करून दाखवता येतात. तिसऱ्या ताटलीत फायब्रोनेक्टिनच्या तळावर पेशी टाकताना त्या तीन अमिनो आम्लांचा समावेश असलेला लहान पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) विरघळवून द्या. कडा चढणाऱ्याच्या दोन्ही मुठींत आधीच सुटे दगड दिले तर त्याला खोबण धरता येणार नाही, तसे होते. चौथ्या ताटलीत तसाच पेप्टाइड, पण ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लुटामिक आम्ल असलेला. फरक केवळ एका कार्बनचा आहे आणि तेवढ्याने त्याचा परिणाम जातो. चौथी ताटली नसेल तर तिसरीवर कोणीही विश्वास ठेवू नये.

आणि ट्रिप्सिन घातल्यावर फोन उचलू नका.

काचपट्टी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे मॅडमना दाखवली; त्यांनी शेजारच्या विभागाकडून थोडे फायब्रोनेक्टिन आणि दोन्ही पेप्टाइड मिळवून दिले. या वेळी ट्रिप्सिन तीन मिनिटेच ठेवले आणि फोन कपाटात ठेवला होता. पेशी अर्धा तास बिनसीरमच्या माध्यमात निवांत ठेवून मग टाकल्या.

फायब्रोनेक्टिनच्या तळावर सीरम नसतानाही पेशी वीस मिनिटांत बसल्या आणि तासाभरात बहुतेक पसरल्या. आधी कडेने पातळ, काळसर झालर बाहेर येते, मग झालर एका-दोन दिशांना लांबते आणि चमकदार कड नाहीशी होते. हे मी पहिल्यांदाच सलग पाहिले. पहिला पेप्टाइड असलेल्या ताटलीत पेशी तासानंतरही गोल होत्या आणि धुताना जवळजवळ सर्व निघाल्या. दुसऱ्या पेप्टाइडच्या ताटलीत त्या नेहमीसारख्या पसरल्या. पॉली-लायसिनवर तासाभराने धुतल्यावरही पेशी हलल्या नाहीत, पण तळलेल्या अंड्यासारख्या दिसत होत्या: मध्ये गोल, भोवती अरुंद कड, कुठेही टोक नाही. चिकटणे आणि पसरणे वेगळे असल्याचे यापेक्षा स्पष्ट मला कोणी सांगू शकले नसते. एका पट्टीवर फॅलॉयडिन (ॲक्टिनच्या तंतूंना चिकटणारे, चमकणारा रंग जोडलेले द्रव्य) लावून ॲक्टिन पाहिले. फायब्रोनेक्टिनवरच्या पेशींत सरळ, समांतर जुडगे होते, पॉली-लायसिनवरच्या पेशींत कडेने फक्त एक धूसर कडे.

पण एक गोष्ट बसत नाही. पॉली-लायसिनची उरलेली एक ताटली मी रात्रभर तशीच ठेवली होती. सकाळी तिच्यातल्या निम्म्याहून अधिक पेशी टोके काढून पसरलेल्या होत्या. सीरम नव्हते, फायब्रोनेक्टिन मी घातले नव्हते. माझ्या हातून ताटल्यांची अदलाबदल झाली असेल का?

सीरमवाला

ताटल्यांवर खुणा केल्या असतील तर अदलाबदलीचा संशय सोडा. फायब्रोब्लास्ट स्वतः फायब्रोनेक्टिन बनवतात आणि बाहेर सोडतात. रात्रभरात त्यांनी पॉली-लायसिनवर स्वतःची खुंटी रोवून घेतली असणार. तुमच्या पहिल्या दिवशीच्या पेशींना ती संधी मिळाली नाही, कारण वीस मिनिटांच्या ट्रिप्सिनमध्ये बहुधा त्यांच्या ग्राहींनाही मार बसला होता आणि साध्या काचेने त्यांना तोवर जागेवर धरूनही ठेवले नाही.

निवृत्त_संवर्धक

हे उत्तर मलाही पटते. खात्री करायची असेल तर पेशी टाकण्यापूर्वी आणि टाकल्यावरही माध्यमात प्रथिनसंश्लेषण रोखणारे सायक्लोहेक्सिमाइड ठेवा आणि निरीक्षण तीन-चार तासांत आटपा, त्यापुढे त्या पेशी त्या विषानेच खंगू लागतात. फायब्रोनेक्टिन लावलेल्या तळावर त्या तरीही पसरल्या पाहिजेत आणि पॉली-लायसिनवर अंड्यासारख्याच राहिल्या पाहिजेत. शक्य झाल्यास रात्रभर ठेवलेल्या पॉली-लायसिनच्या पट्टीला फायब्रोनेक्टिनचे प्रतिद्रव्य लावून पाहा. पसरलेल्या पेशींच्या पोटाखाली बारीक रेघा उजळतील; ज्या पेशी अजून गोल आहेत त्यांच्याखाली त्या किती आहेत हे मोजा आणि आकडे इथे टाका.